ज्याची त्याची फळी

आमच्या घरी माळ्यावर दोन जोडी बूट आहेत. कडक प्लास्टिकचे, नडगीच्या निम्म्यापर्यंत उंच, पुढून चार-चार बकलं. कराडच्या उन्हात त्यांचा काडीचा उपयोग नाही. ईदला घरी येणारी भाचरं ते खाली काढायला लावतात, त्यांत पाय घालून यंत्रमानवासारखी धाड धाड चालतात आणि विचारतात, "खाला, हे बूट कशाचे?" प्रत्येक ईदला थोडं थोडं सांगितलं. आता एकदा सगळं लिहून टाकावं म्हटलं.

लिहिणारी एक असली तरी घडलं ते दोघांचं, म्हणून 'आम्ही'. आमच्यातली मास्तरीण उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमच्यातला इंजिनिअर कारखान्यात नोकरी करतो. २०१६ साली कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीत, म्युनिकला पाठवलं. मास्तरणीनं बिनपगारी रजा घेतली, मुलीचा दाखला काढला आणि आम्ही तिघं निघालो.

पहिला हिवाळा घरात बसून काढला. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळायचा. वीस वर्षं चाळीस-पन्नास मुलांच्या गलक्यात राहिलेल्या बाईला तो शांतपणा खायला उठला. दुसऱ्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेची बर्फावर सहल गेली. ती परत आली ती उड्या मारतच. तिच्या नादानं आम्हीही शनिवारी आगगाडीनं लेंग्रीसला जाऊ लागलो. म्युनिकहून तासाभराचं अंतर, वर ब्राउनेक नावाचा डोंगर. पायथ्याच्या सोप्या उतारावर भाड्याचा स्नोबोर्ड, भाड्याचे मऊ बूट आणि शिकवायला एक तरुण. चार-पाच शनिवार आम्ही पडलो, उठलो, पुन्हा पडलो. चाळिशी ओलांडलेली दोन माणसं आणि शेजारी घसरणारी पाच वर्षांची पोरं. मोठेपणाचा जो काही पापुद्रा अंगावर होता, तो तिथंच गळून पडला.

त्याच फेब्रुवारीत दक्षिण कोरियात प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिक झालं. चेक प्रजासत्ताकाची एस्तेर लेडेत्स्का सतरा तारखेला स्कीवरून सुपर-जी शर्यतीत उतरली आणि सेकंदाच्या शंभराव्या भागानं सुवर्णपदक घेऊन गेली. आठवड्यानं, चोवीस तारखेला, तीच मुलगी स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लॅलममध्ये पुन्हा पहिली. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की आणि स्नोबोर्ड या दोन्ही खेळांत सुवर्ण मिळवणारी ती पहिली. आम्ही तिघं टीव्हीसमोर चहा घेऊन बसलो होतो. मुलगी म्हणाली, "अम्मी, हिचे बूट बघ. आपल्यासारखे नाहीत. आणि ही आडवी पण उभी नाही."

पोरीची नजर बरोबर होती. आपण बाजारात पाहतो तो नेहमीचा स्नोबोर्ड रुंद असतो, बूट मऊ असतात आणि माणूस त्यावर जवळजवळ आडवा उभा राहतो. शर्यतीची फळी अरुंद आणि लांब. तिच्यावर स्कीच्या बुटांसारखे कडक बूट, ते पकडायला पोलादी कड्यांचं बाइंडिंग, आणि दोन्ही पावलं पुढच्या दिशेला बरीच वळलेली. या फळीवर घसरत, बर्फ उडवत वळायचं नसतं. फळी कडेवर उभी करायची आणि तिच्या धारेनं बर्फात वळण कोरायचं. म्हणून त्याला कार्व्हिंग म्हणतात. १९९८ साली जपानमध्ये नागानोला स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. त्या वेळी जायंट स्लॅलम एकेकट्यानं धावत. २००२ पासून दोघांना शेजारी शेजारी सोडतात. युरोपात ऐंशी-नव्वदच्या दशकात या कडक बुटांची मोठी चलती होती. पुढं मऊ बुटांनी बाजार घेतला आणि हे मूठभर हौशी लोकांपुरतं उरलं. त्यातले बरेचसे आज जपानमध्ये आहेत.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. मुलगी त्यांना नाना म्हणे. उर्दूतही चालतं, मराठीतही चालतं, आणि त्यांनाही ते नाव आवडलं. नाना ऐंशीच्या दशकापासून कडक बुटांवरचे. एका शनिवारी ते आमच्याबरोबर आले. सकाळी यंत्रानं विंचरलेला बर्फ होता, फणी फिरवलेल्या केसांसारखा. नाना वरून आले ते जवळजवळ जमिनीला टेकून, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, आणि आवाज मात्र कात्रीनं कापड कापावं एवढाच. ते गेल्यावर आम्ही त्यांची वाट पाहिली. म्हणजे बर्फावरची वाट. पेन्सिलीनं ओढल्यासारखी एकच बारीक रेघ, पानभर मोठ्या वळणांची. आमच्या वळणांमागं झाडू मारल्यासारखे पट्टे असत. मास्तरणीला वाटलं, हे तर सुलेखन आहे. इंजिनिअरला वाटलं, हे गणित आहे. त्या संध्याकाळपासून दोघांनाही तेच हवं झालं.

इथंच आम्ही चुकलो. नाना म्हणाले होते, "अजून एक हिवाळा थांबा, मग मी बघून देतो." आम्ही थांबलो नाही. मार्चमध्ये हंगाम सरत आला की जुनं सामान स्वस्तात निघतं. एक माणूस शर्यतीची फळी, बाइंडिंग आणि बूट असं सगळं मिळून साडेतीनशे युरोला देत होता. फळी एकशे पंच्याऐंशी सेंटिमीटर. लेडेत्स्काच्या फळीसारखी दिसणारी. आम्ही विचार केला, दोघांत एक घेऊ, आळीपाळीनं वापरू, पैसे वाचतील. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा दिमाख जास्त होता. ती फळी खांद्यावर घेऊन फलाटावर उभं राहिलं की लोक वळून बघत.

बूट इंजिनिअरच्या मापाचे होते. मास्तरणीनं दोन जोड मोजे चढवून तेच घातले. मार्चअखेरच्या एका दुपारी बर्फ वरून ओला, खालून कडक झाला होता. फळी कडेवर घेतली, पण ती वळेना. सरळ जाऊ लागली, वेग वाढला. घाबरून टाच दाबली, तर टाच बुटातल्या बुटात वर उचलली गेली आणि फळीपर्यंत काही पोचलंच नाही. मग उताराकडची कड बर्फात रुतली आणि बाई तोंडावर. उजवं मनगट मोडलं. फळ्यावर लिहायचा हात.

सहा आठवडे प्लास्टर. इंजिनिअर पोळ्या करायला शिकला. नकाशे आधी झाले, पोळ्या नंतर. कराडहून अम्मींचा फोन आला. त्या आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, "या वयात हे खेळ? हात धड राहिला नाही तर पोरांना शिकवणार कशानं?" त्यांना उत्तर द्यायला आमच्याकडं काही नव्हतं. डॉक्टरांनी हात बरा होईल असं सांगितलं होतं, पण रात्री बोटं वळेनाशी झाली की तोच प्रश्न उशाशी येऊन बसायचा.

एका संध्याकाळी नाना बिस्किटं आणि मोजपट्टी घेऊन वर आले. भिंतीला टेकवलेली फळी त्यांनी उलटसुलट पाहिली, कडेवरून नख फिरवलं. म्हणाले, "फळी उत्तम आहे. कुणाची?"

"दोघांची."

"दोघांची म्हणजे कुणाचीच नाही," ते म्हणाले. रागावून नव्हे, हिशेब सांगावा तसं. "ही फळी वाईट नाही, तुम्हीही वाईट नाही. तुमची आणि हिची अजून गाठ पडायची वेळ नाही."

मग त्यांनी जे शिकवलं ते इथं क्रमानं देतो, कारण ते या खेळाच्या बाहेरही उपयोगी पडलं.

आधी बूट, मग फळी. लोक उलटं करतात. भिंतीला टाच टेकवून पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजायचं. बुटाचं माप तेच. मोजा एकच आणि पातळ. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढं जेमतेम लागावा आणि गुडघा वाकवला की मागं सरावा. टाच मात्र तसूभरही हलता कामा नये. आतलं अस्तर गरम करून पायाच्या आकाराचं करून घेता येतं. कडक बूट म्हणजे छळ असं नाही. मापाचा नसला तर छळ.

दुसरं, फळीच्या कडेचा बाक. फळी मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते, म्हणजे तिची कड एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. त्या वर्तुळाची त्रिज्या फळीवर लिहिलेली असते. फळी कडेवर कलली की वाकते आणि वळण त्या त्रिज्येपेक्षा लहान होतं. साठ अंश कलली तर साधारण निम्मं. इंजिनिअरनं जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. आमच्या फळीची त्रिज्या अठरा मीटर. सपाट जमीन धरली तरी पंचेचाळीस अंश कलून तोल राखायला ताशी सुमारे चाळीस किलोमीटर वेग हवा. त्रिज्या नऊ मीटर असती तर अठ्ठावीस पुरले असते. म्हणजे ती फळी आमच्याकडं रास्त मागणीच करत होती, 'आधी वेग दे, मग वळते.' आणि आम्ही वेगाला भिऊन तिच्यावर उभे होतो. शिकणाऱ्याला नऊ ते अकरा मीटरची, लांबीनं एकशे साठच्या आसपासची फळी पुरते.

तिसरं, वजन. आमच्यात एकाचं ब्याऐंशी किलो, एकीचं चोपन्न. एकाला वाकणारी फळी दुसरीला लोखंडाचा रूळ. न वाकणारी फळी वळत नाही. काही फळ्यांत टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. त्यानं बर्फावरची थरथर कमी होते, पण वजनाचा हिशेब काही सुटत नाही.

चौथं, कमरेची रुंदी आणि पावलांचा कोन. बुटाचं टोक किंवा टाच कडेबाहेर आली तर कलताना ती बर्फाला लागते आणि माणूस फेकला जातो. म्हणून फळी जितकी अरुंद तितकं पाऊल पुढं वळवावं लागतं. नेहमीच्या फळीची कंबर पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, आमच्या शर्यतीच्या फळीची एकोणीस. तिच्यावर साठ अंशांहून जास्त वळावं लागे. नवख्याला एकवीसची बरी. पुढचं पाऊल पंचावन्न, मागचं पन्नास, आणि मागच्या टाचेखाली थोडी उंची, म्हणजे गुडघे सुखानं वाकतात. शिवाय आमच्यात एकाचा डावा पाय पुढं, एकीचा उजवा. दर वेळी बाइंडिंग उलटं बसवताना स्क्रू झिजत होते, ते वेगळंच.

केसलर, ऑक्सेस, एसजी, एफ-टू, डोनेक, कॉइलर ही या धंद्यातली नावं नानांनी शेवटी घेतली. "नाव शेवटी विचारायचं," ते म्हणाले.

प्लास्टरच्या त्या दिवसांत मास्तरणीला एक मुलगा सारखा आठवत होता. कराडला सातवीच्या वर्गात होता. घरी दखनी, शाळेत उर्दू, आणि मराठी त्याला तिसरीच्या पुस्तकाइतकीही येत नव्हती. सराव होईल, लाज वाटली की अभ्यास करेल, या समजुतीनं ती त्याला रोज उभं करून सातवीचा धडा मोठ्यानं वाचायला लावत असे. तो एकेका जोडाक्षरावर अडकायचा, वर्ग हसायचा. मग मराठीच्या तासाला तो गैरहजर राहू लागला. मग शाळेतच येईना. बी.एड.ला शिकलो होतो की मूल जिथं असेल तिथून सुरुवात करावी. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण हातात एकशे पंच्याऐंशीची फळी देऊन वर 'वळत का नाहीस?' असं विचारलं की काय होतं, ते मनगट मोडल्यावर कळलं.

मोठी फळी घेतल्या किमतीपेक्षा स्वस्तात विकली. २०१८च्या शरद ऋतूत दोन जुन्या फळ्या नानांच्या देखरेखीखाली घेतल्या. एकीला एकशे अठ्ठावन्न, एकाला एकशे अडुसष्ट. बूट मात्र दोघांचे नवे. अम्मींना आधी सांगितलं, मग घेतले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मनगटाला काहीतरी बांधा." आम्ही मनगटाचे पट्टे घेतले.

२०१९च्या जानेवारीत तिथं इतका बर्फ पडला की आल्प्सच्या पायथ्याच्या काही जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली, गच्च्या-छपरांवरचा बर्फ उपसायला सैनिक आले. ते निवळल्यावर आम्ही पुन्हा लेंग्रीसच्या त्याच सोप्या उतारावर गेलो. शिरस्ता ठरला. पहाटेची नमाज झाली की पराठे आणि सुकं मटण डब्यात, कारण डोंगरावरच्या उपाहारगृहातल्या सूपमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असे. मास्तरणीच्या हेल्मेटखाली डोकं-मान झाकणारी पातळ लोकरी टोपी. थंडीत तिथं सगळेच ती घालतात, त्यामुळं कुणी वळूनही पाहिलं नाही.

शिकवताना नानांचं पहिलं वाक्य असे, "बर्फाकडं बघू नका." नजर वळणाच्या पलीकडं, जिथं जायचं तिथं. नजर गेली की खांदे जातात, खांद्यांमागून कंबर, कंबरेमागून फळी. दुसरं, कलायचं ते पायांनी, धडानं नाही. हात खाली नेऊन बर्फाला शिवायचा मोह सगळ्यांना होतो. छायाचित्रात तो हात छान दिसतो, पण खांदा आत पडला की धार सुटते. टाचेच्या बाजूनं वळताना खुर्चीत बसल्यासारखं बूड बाहेर जातं, तेही चुकीचं. गुडघे वाकवायचे आणि छाती पावलांच्या दिशेनं ठेवायची. तिसरं, वेग कमी करायला घसरायचं नाही. वळण पुरं करायचं, इतकं पुरं की फळी थोडी चढाकडं तोंड करते आणि वेग आपोआप ओसरतो. घाबरलेला माणूस वळण अर्धवट सोडतो आणि मग वेगाला दोष देतो.

आणि चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. कोरणारा माणूस उताराची सगळी रुंदी वापरतो आणि त्याची पाठ एका बाजूला असते. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे उतारावर वागायचे दहा नियम आहेत. वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं, पण जो चढाकडं वळतो त्यानंही आधी वर-खाली पाहायचं. नाना उतार रिकामा होईपर्यंत कडेला उभे राहत. घाई केली की म्हणत, "तुमची रेघ दुसऱ्याच्या अंगावरून जाता कामा नये."

तीन शनिवार काही जमलं नाही. चौथ्या शनिवारी सकाळी, लिफ्ट सुरू झाल्या झाल्या, मास्तरीण खालच्या झाडाकडं नजर लावून निघाली. पायाखालची खरखर अचानक थांबली. आवाजच गेला. फळी वाकली आणि धरून ठेवल्यासारखी वळली. आपण वळवत नाही, ती नेते आहे, असं वाटलं. चढाकडं तोंड करून ती आपोआप थांबली. इंजिनिअर वरून ओरडत होता. तिनं मागं पाहिलं. पट्ट्यांच्या गर्दीत एक रेघ होती. फार तर पंधरा मीटरची, जरा वेडीवाकडी, पण रेघ. दुपारपर्यंत त्याचीही झाली. मुलीनं दोन्ही रेघांचे फोटो काढून अम्मींना पाठवले. अम्मींनी विचारलं, "यात तुम्ही कुठं आहात?"

त्या उन्हाळ्यात मुदत संपली. फळ्या नानांच्या तळघरात ठेवल्या. सामानात बसल्या नसत्या, आणि कृष्णाकाठी करायचं काय त्यांचं? बूट मात्र आणले. ते पायाच्या आकाराचे झाले होते, दुसऱ्या कुणाच्या कामाचे नव्हते.

शाळेत हजर झाल्यावर मास्तरणीनं पहिल्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेकट्याला, दाराशी बसवून, वाचायला लावलं. कोण कुठं आहे हे वहीत टिपलं. मग सातवीच्या कपाटात दुसरी-तिसरीची पुस्तकंही ठेवली, वर इयत्तेची चिठ्ठी न लावता. मुलं आपापलं पुस्तक उचलतात. काही मुलं आधी मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांना लाजली. मग एकानं घेतलं, मग दोघांनी. सगळी मुलं वर्षअखेर सातवीचं वाचू लागली असं नाही. पण मराठीच्या तासाला गैरहजर कमी राहतात.

तो मुलगा तोवर स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला होता. आम्ही दोघं आमची स्कूटर घेऊन मुद्दाम तिथं गेलो. त्यानं ओळखलं, "सलाम टीचर" म्हणाला, पान्हा खाली ठेवला. मास्तरीण म्हणाली, "तुला मी रोज उभं करायची, ते चुकलं माझं. माफ कर." तो आधी हसला. मग फडक्यानं हात पुसत खाली पाहत म्हणाला, "कौन सा सबक था, वो भी याद है मुझे." एवढंच. पैसे घेतले नाहीत त्यानं. आम्ही बळंच खिशात घातले.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिसरीचं एक पुस्तक पिशवीतून नेलं होतं. काउंटरवर ठेवून आलो, काही न बोलता. त्यानंतरच्या खेपेला ते तिथं नव्हतं. घरी नेलं की रद्दीत गेलं, आम्ही विचारलं नाही. नजर पुढं ठेवायची आणि वळण पुरं व्हायची वाट बघायची, एवढं आता येतं.